त्याला कुणी सांगायचं

“बाई, माझा बा का येत न्हाई भेटायला?”

तुरुंगाच्या दवाखान्यात त्यानं मला हे विचारलं. हातात चहाचा जर्मनचा पेला होता, दाढी नुकतीच केलेली होती आणि आवाज अगदी साधा होता. आज गाडी का आली नाही, असं स्टँडवर कुणाला विचारावं तसा. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते गोळ्या लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं.

त्याचा बाप दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्याच्याच हातून.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मी सरकारी मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. पदाचं नाव मोठं, काम मात्र माणसांशी बोलण्याचं. आठवड्यातून एकदा आमचे डॉक्टर राज्यातल्या एका मोठ्या तुरुंगात रुग्ण तपासायला जात आणि मी त्यांच्याबरोबर जाई. मी मूळची अवसरी खुर्दची. आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला. वडील शाळामास्तर, आई शेतात. तुरुंगात काम करते म्हटल्यावर गावातल्या बायका आईला विचारायच्या, “पोरीला भ्या न्हाई वाटत?” आई म्हणायची, “तिला शाळेतबी न्हाई वाटलं कधी.”

तो मढच्या बाजूचा. मढवरून पुढं माळशेजकडं रस्ता जातो, त्या रस्त्यापासून आत डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. वय पंचविशीचं, लग्न झालेलं नव्हतं, आईबापांचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी त्याला आजार झाला. आधी झोप गेली, मग कुणीतरी आपल्याला मारायला टपलंय असं वाटू लागलं. पुढं त्याच्या मनानं घेतलं की घरात वावरतोय तो आपला बा नाहीच. बाला कुठंतरी डांबून ठेवलंय आणि बाचं तोंड लावून दुसराच माणूस घरात शिरलाय. आईबापांनी त्याला देवऋषाकडं नेलं, अंगारा लावला, एकदा ओतूरला डॉक्टरकडंही नेलं. एक दिवस गोठ्यात त्यानं त्या ‘दुसऱ्या माणसाच्या’ डोक्यात कुऱ्हाड घातली आणि बाला सोडवायला रानात पळत सुटला. पोलिसांना तो डोंगरात सापडला तेव्हा बाला हाका मारत होता.

खटला उभा राहिला, पण त्याला काही उमगत नव्हतं. म्हणून न्यायालयानं तो बरा होईपर्यंत खटला थांबवला. कच्चा कैदी म्हणून तो तुरुंगात पडून राहिला. सुरुवातीला ओरडायचा म्हणून त्याला एकट्याच्या कोठडीत ठेवलं होतं. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. एकदा तारखेला त्याला जुन्नरला नेलं तेव्हा गोळ्या बरोबर गेल्या नाहीत आणि परत आला तो पुन्हा पहिल्यासारखा. पुन्हा सुरुवात. पण या खेपेला गोळ्या लागू पडल्या. तो अंघोळ करू लागला, बराकीत इतरांबरोबर राहू लागला, बागेत वाफे करू लागला. आणि बरा झाल्यावर, कुणीही बऱ्या माणसानं विचारावा तोच प्रश्न त्यानं विचारला. त्याच्या मनात बा जिवंत होता. मारलं होतं ते त्या सोंगाड्याला.

“बघते मी,” एवढंच मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, “सांगायला तर हवं. पण आत्ता सांगितलं आणि त्यानं जिवाचं काही करून घेतलं तर? इथं रात्रंदिवस लक्ष ठेवायला कोण आहे?”

आम्ही तुरुंगाच्या अधीक्षकांकडे गेलो. उंच, करड्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे आमचं काम नाही, बाई. आरोप कोर्ट सांगतं.”

“कोर्टात सगळ्यांसमोर सांगतील, साहेब. पिंजऱ्यात उभा करून.”

“मग घरच्यांनी सांगावं.”

घरचं कुणी दोन वर्षांत फिरकलं नव्हतं. आणि ती जबाबदारी घरच्यांची आहे असं तरी कुठं लिहिलं होतं? योगायोग असा, की त्याच वर्षी तुरुंगातल्या मनोरुग्णांची काळजी किमान कशी घ्यावी याचे निकष ठरवायला एक छोटी समिती नेमली होती. एक निवृत्त न्यायाधीश तिचे अध्यक्ष, मुंबईहून येणारे एक अधिकारी, हेच अधीक्षक, आमचे डॉक्टर आणि मी. कैदी आत आला की त्याला पहिल्याच दिवशी कुणी काय विचारायचं, तारखेला नेताना औषधं बरोबर जातील हे कुणी बघायचं, आजारी माणसाला एकटं कोंडायचं की नाही, यावर आम्ही तासन्तास बोलत असू. पण बऱ्या झालेल्या माणसाला, त्यानं आजारात काय केलं, हे कुणी सांगायचं, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

रविवारी मी अवसरीहून निघाले. आळेफाट्याला कल्याणची गाडी मिळाली. पिंपरी पेंढारला गाडी निम्मी रिकामी झाली, ओतूरला उरलेली. मढला उतरले तेव्हा डोंगरावरून असा गार वारा सुटला होता की पदर डोक्याला धरून चालावं लागत होतं. वाडीत भाताची झोडणी चालली होती. त्याची आई खळ्यावर एकटीच पेंढा उचलत होती. साठीच्या आतली बाई, पण पाठीत वाकलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं हातातला पेंढा खाली ठेवला नाही.

“गेला का?” तिनं विचारलं.

“नाही, मावशी. बरा झालाय.”

तिनं पेंढा नीट रचून ठेवला, हात झाडले आणि म्हणाली, “चला घरात.”

तिनं चुलीवर चहा ठेवला. मी म्हणाले, “तो विचारतोय, बा का येत नाही. त्याला अजून ठाऊक नाही.”

“ठावं न्हाई?” ती माझ्याकडं वळली. “समद्या तालुक्याला ठावं हाय, आन् त्याला ठावं न्हाई?”

मी तिला आजाराची गोष्ट समजावून सांगितली. तोंड लावून आलेल्या माणसाची तिला माहिती होतीच. ती म्हणाली, “मला म्हनायचा, आये, तू फसू नको, ह्यो बा न्हाई. मी म्हनायची, आरं मी तीस वर्सं ह्याच्यासंगं राह्यलेय, मला कळत न्हाई व्हय?” मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, “ओतूरपतुर जीव व्हता त्यांच्यात. जीपमधी माझ्या मांडीवर डोकं व्हतं. लई तळमळले. पानी मागत व्हते आन् पानी गिळता येत न्हवतं.”

अशा वेळी बोलायचं शिक्षण आम्हाला दिलेलं असतं, पण मला त्यातलं काही आठवेना.

“तुम्ही भेटायला का आला नाहीत, मावशी?”

“काय तोंडानं येनार? त्याची आई म्हनून येऊ का त्यांची बायको म्हनून?”

मी तिला सांगितलं की त्याला सांगायला हवं, आणि कसं सांगावं यावर आमचंच एकमत होत नाही. तिची इच्छा नसेल तर डॉक्टर सांगतील. तिनं चहाची बशी माझ्यापुढं सरकवली.

“डाक्टर काय सांगनार? त्यांनी बगितलंय का? मीच सांगते.”

ती पुढच्या आठवड्यात आली. वाडीतल्या कुणी सोबत यायला तयार झालं नसावं. एकटीच आली होती. नऊवारी स्वच्छ धुतलेली, हातात कापडी पिशवी. मुलाखतीच्या जागी दोन्ही बाजूंना जाळी होती आणि मधे हातभर अंतर. पलीकडचं ऐकू यावं म्हणून सगळेच ओरडत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला रेशनकार्डाचं काहीतरी विचारत होती, कुणाचं मूल रडत होतं. तिनं हे सगळं पाहिलं आणि ती मागं सरली.

“हितं न्हाई,” ती म्हणाली.

मी तिला अधीक्षकांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, “मुलाखत जाळीतूनच होते, मावशी. नियम आहे.”

ती त्यांच्या टेबलासमोर उभी होती. बसा म्हटलं तरी बसली नव्हती. म्हणाली, “साहेब, तुमच्याकडं मानूस मेल्याची बातमी कशी देत्यात? आमच्याकडं घरात जात्यात, खाली बसवत्यात, पानी देत्यात आन् मग सांगत्यात. वरडून न्हाई सांगत.”

अधीक्षकांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग त्यांनी घंटी वाजवली आणि शेजारची खोली उघडायला सांगितली. दाराशी ते स्वतः उभे राहिले, डॉक्टर आणि मी आत भिंतीशी.

त्याला आणलं. आईला बघून तो हसला. खरंच हसला, मी विसरणार नाही. तिच्या पाया पडला. ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली, म्हणून तोही समोर बसला. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि त्याला पाणी दिलं. तो प्यायला.

“बा न्हाई आला?” त्यानं विचारलं.

“मी सांगते ते ऐक. मधी बोलू नगं.” तिचा आवाज हलत नव्हता. “तुझा बा न्हाई राह्यला.”

“कवा?”

“तुला पोलिसांनी धरलं त्याच दिशी.”

तो मनात काहीतरी जुळवत होता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “त्यानं मारलं का बाला? त्या सोंगाड्यानं?”

“सोंगाड्या कुनी आलाच न्हवता, लेका. त्यो बाच व्हता.”

बाहेर कुठंतरी पाण्याचा पंप चालू होता. तो आईकडं बघत होता, मग माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. आमच्यापैकी कुणीतरी नाही म्हणेल, असं त्याला वाटत असावं. डॉक्टर पुढं होऊन त्याच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, “आई म्हणतात ते खरं आहे. तू आजारी होतास. तुला ते दुसरंच कुणी दिसत होतं.”

“मी मारलं?”

“तुझ्या हातानं झालं,” आई म्हणाली. “तू आजारी व्हतास, मला ठावं हाय. पर झालं तुझ्याच हातानं. मी खोटं सांगनार न्हाई.” आणि मग थोड्या वेळानं, “तुझा राग हाय का मला, तर हाय. रातंदिस हाय. तरी मी आले.”

शेवटी त्यानं एकच विचारलं. “लई लागलं का गं त्याला?”

“न्हाई,” ती म्हणाली. “लगीच गेले. कळलंबी न्हाई त्यांना.”

मी खाली मान घातली. जीपमधली ती तळमळ, ते न गिळता येणारं पाणी, हे तिनं मला तिच्या घरात सांगितलं होतं. एवढं एकच खोटं ती त्या दिवशी बोलली आणि तेही न अडखळता.

मग तो रडू लागला. मोठ्यानं नाही. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, जवळही घेतलं नाही. पण उठूनही गेली नाही. मुलाखतीची वेळ संपल्याची घंटा झाली. अधीक्षकांनी दारातूनच शिपायाला हातानं थांबवलं. ती दोघं तशीच बसून राहिली.

पुढचे दिवस कठीण गेले. डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलं, पण त्याला एकट्याला कोंडायचं नाही असं निक्षून सांगितलं. अधीक्षकांनी दवाखान्यातच त्याची पथारी टाकायला लावली आणि शिक्षा भोगणारे दोन वयस्क कैदी आळीपाळीनं त्याच्यापाशी बसू लागले. त्यातला एक रोज त्याच्या समोर ताट ठेवायचा आणि स्वतः जेवायला बसायचा. “तू नको खाऊ, मी एकटा खातो,” म्हणायचा. कितीतरी दिवस तो जेमतेम घासभर खाई. मी आठवड्याऐवजी एक दिवसाआड जाऊ लागले. जायचे आणि जवळ बसायचे, बहुतेक वेळा काही न बोलता. एकदा त्यानं भिंतीकडं तोंड करूनच विचारलं, “भात झोडलं का आयेनं?”

“झोडलं. मी गेले तेव्हा चाललं होतं.”

“एकलीनं?”

“हो.”

त्या दुपारी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

पुढच्या बैठकीत मी समितीपुढं एक कलम ठेवलं. आजारातून बऱ्या होणाऱ्या कैद्याला त्यानं काय केलं हे ठाऊक नसेल, तर ते त्याला आपल्या माणसानं किंवा उपचार करणाऱ्यानं समोर बसून सांगावं. जाळीतून नाही, कोर्टात पहिल्यांदा तर नाहीच. आणि त्यानंतर काही दिवस त्याला एकटं ठेवू नये.

मुंबईच्या अधिकाऱ्यांनी वाचून कागद बाजूला ठेवला. ते वाईट नव्हते, कामसू होते. म्हणाले, “मॅडम, हे भावनेचं झालं. निकष म्हणजे ज्याची तपासणी करता येईल असं काहीतरी. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो, हे मी तपासू शकतो. कुणी समोर बसून बोललं का, हे कसं तपासणार?”

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात अधीक्षक बोलले. आमच्या बहुतेक सूचनांवर ‘माणसं कुठून आणू?’ म्हणणारे तेच.

“लिहा ते,” ते म्हणाले. “मी दारात उभा होतो.”

“पण साहेब, तपासणी...”

“तुम्ही मला विचारा, त्याला कुणी सांगितलं आणि त्या दिवशी त्याच्याजवळ कोण झोपलं. मला उत्तर देता आलं नाही तर समजा, झालेलं नाही. झाली तपासणी.”

न्यायाधीशांनी मला विचारलं, “सांगावं म्हणजे किती? सगळं?”

मला त्या बाईचं ‘लगीच गेले’ आठवलं. मी म्हणाले, “काय झालं ते सगळं. कसं झालं ते, सांगणाऱ्याला योग्य वाटेल तेवढं.” न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला आणि मसुद्यात स्वतःच्या हातानं ती ओळ घातली.

मसुदा वर गेला. वर्षं गेली. मधे अधिकारी बदलले, न्यायाधीश वारले, आमचे डॉक्टर निवृत्त झाले. मग केव्हातरी एक परिपत्रक निघालं. आम्ही लिहिलेल्यातलं बरंचसं त्यात नव्हतं. तारखेला औषधं बरोबर द्यावीत हे होतं, एकटं कोंडू नये हे ‘शक्यतो’ लावून होतं, आणि आमच्या कलमाची एकच ओळ उरली होती: रुग्णास त्याच्या प्रकरणाची माहिती संवेदनशीलपणे द्यावी. मला वाईट वाटलं. पण नंतर एका दुसऱ्या तुरुंगात कामासाठी गेले असताना तिथला एक तरुण अधिकारी एका कैद्याकडं बोट दाखवून हाताखालच्या शिपायाला विचारत होता, “याला सांगितलंय का? कुणी सांगितलं?” कुठल्या ओळीतून तो हे शिकला, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही.

मढच्या त्या मुलाचा थांबलेला खटला परिपत्रक निघायच्या कितीतरी आधी पुन्हा सुरू झाला. आमच्या डॉक्टरांची साक्ष झाली. आजाराच्या भरात झालेलं कृत्य म्हणून तो सुटला, पण अशा माणसाला न्यायालय नुसतं सोडून देत नाही. त्याला सांभाळायची हमी जवळच्या नातेवाइकानं द्यावी लागते. ज्याचा खून झाला त्याच्या बायकोनंच हमीवर अंगठा उठवला. कारकुनानं दोनदा विचारलं, “मयत तुमचे कोण?” आणि “आरोपी तुमचा कोण?” तिनं दोन्ही वेळा सरळ उत्तर दिलं.

वाडीत त्याला घेऊ नका म्हणणारे होते. तिनं कुणाशी भांडण केलं नाही. त्याला घेऊन भर दिवसा, वाडीच्या मधल्या वाटेनं घरी गेली. पहिलं वर्ष शेजारच्या घरांनी पोरं त्याच्या अंगणात जाऊ दिली नाहीत. रोज संध्याकाळी ती त्याला समोर बसवून गोळी देई आणि तोंड उघडून दाखवायला लावी. गोठा त्यांनी पाडला आणि दुसऱ्या बाजूला बांधला.

दोन हजार सालानंतर मी बदली मागून घराकडं आले. नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मानसिक आजारांची तपासणी असे, तिथं मी बसायचे. तो यायचा. आधी आईबरोबर, मग तिचे गुडघे गेल्यावर एकटा. बोलणं कमीच. भात कसं आहे, आईचं कसं आहे, झोप लागते का. बापाचा विषय त्यानं त्या दिवसानंतर माझ्याजवळ कधी काढला नव्हता.

एका भाद्रपदात तो आला तो डोक्याचं मुंडण करून. आई गेली की काय?

“आये बरी हाय,” त्यानं माझ्या चेहऱ्यावरून ओळखून सांगितलं. “काल बाचं केलं. पानी दिलं.”

त्याचा बाप गेला तेव्हा हा कोठडीत होता. अग्नी चुलत्यानं दिला होता. इतकी वर्षं त्यानं बापासाठी काहीच केलेलं नव्हतं, आणि करू द्यावं की नाही हे ठरवायला वाडीतली म्हातारी माणसं बसली होती, असं त्यानं सांगितलं.

“काय म्हणाले?”

“म्हनले, ज्या हातानं मारलं त्या हातानं पानी कसं द्यायचं? बाला पोचायचं न्हाई. पर आये म्हनली, मंग दुसरा हात कुठनं आनू? ह्योच हाय.”

“मग?”

“मंग गप बसले. चुलता उठला आन् माझ्याबरूबर नदीवर आला. बाकीचे जेवायला आले. समदे न्हाई. पर आले.”

नवे डॉक्टर तरुण होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी झोप, भूक विचारली आणि गोळ्या लिहिल्या. तो म्हणाला, पुढं भाताची कापणी येतेय, दोन महिन्यांच्या एकदम द्या. डॉक्टर नको म्हणाले, महिन्यानं यायचंच. तो बरं म्हणाला. गोळ्या पिशवीत घातल्या, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि ओतूरची गाडी लागलीय म्हणत निघाला.